वीज आणि बस एका छताखाली

बृहन्मुंबई विद्युत पुरवठा आणि परिवहन उपक्रम हे पूर्ण नाव मुंबईत फक्त कागदोपत्री चालते. लोकांच्या तोंडी असते ती 'बेस्ट'. उपनगरात राहणाऱ्याला या नावासरशी लाल बस आठवते, तर कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या जुन्या शहरात राहणाऱ्याला बसबरोबर विजेचे बिलही आठवते. घरात दिवा लावणारी आणि रस्त्यावर गाडी चालवणारी संस्था एकच, ही व्यवस्था आज काहीशी वेगळी वाटते. या संस्थेचा जन्म मात्र त्याच जोडीतून झाला. तिचे चांगले दिवस, तिची पडझड आणि तिच्या पुनरुज्जीवनाची शक्यता समजून घ्यायची असेल, तर वीज आणि गाडी यांचे नाते कधी जुळले आणि कधी सुटले, हे आधी पाहावे लागते.

मुंबईच्या रस्त्यांवरची पहिली सार्वजनिक गाडी घोड्यांनी ओढली. स्टर्न्स अँड किटरेज या अमेरिकन कंपनीने 1865 सालीच त्यासाठी परवानगी मागितली होती, पण प्रत्यक्ष काम 1873 मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाल्यावर मार्गी लागले. 9 मे 1874 रोजी कुलाबा ते पायधुनी आणि बोरीबंदर ते पायधुनी असे दोन मार्ग सुरू झाले. पहिला क्रॉफर्ड मार्केटवरून जाई, दुसरा काळबादेवीवरून. भाडे तीन आणे होते आणि तिकीट मिळत नसे. गाड्या भरू लागल्या तसे भाडे दोन आण्यांवर आले. शहराच्या वाहतुकीतली एक मूलभूत गोष्ट तेव्हाच दिसून आली होती. भाडे आणि गर्दी एकमेकांशी बांधलेली असतात.

घोड्यांची ट्राम म्हणजे मुख्यतः तबेल्याचा कारभार. सुरुवातीला नऊशे घोडे होते, शतक उलटता उलटता ती संख्या साडेतेराशेच्या घरात गेली. त्यांची दाणावैरण, नाल, औषधपाणी आणि पावसाळ्यातले आजार हाच कंपनीचा मोठा खर्च होता. मुंबईच्या मे महिन्यात भरलेला डबा ओढणाऱ्या जनावराची ताकद किती पुरणार? वस्ती परळ-दादरकडे सरकू लागली, तशी ही मर्यादा उघड झाली.

1905 मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. तिने जुनी ट्राम कंपनी 98 लाख 50 हजार रुपयांना विकत घेतली आणि शहराला वीज पुरवण्याचे व विजेवर ट्राम चालवण्याचे हक्क एकत्रच मिळवले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वाडी बंदर येथे तिचे वाफेवर चालणारे वीजघर उभे राहिले. त्याची क्षमता 4,300 किलोवॅट होती. 7 मे 1907 रोजी पहिली विजेची ट्राम धावली. या जोडीमागचा हिशेब सरळ होता. त्या काळी घरगुती वीज घेणारे थोडे होते आणि तेही संध्याकाळनंतर दिवे लावण्यापुरतीच ती वापरत. दिवसभर विजेला गिऱ्हाईक नसेल तर वीजघर परवडत नाही. ट्राम हे दिवसभराचे, भरवशाचे गिऱ्हाईक होते. शहरात तारा खेचण्याचा, खांब उभारण्याचा खर्च दोन्ही कामांत वाटला जाई. पुढे टाटांची खोपोलीची जलविद्युत मुंबईत आली आणि कंपनीचे काम वीज तयार करण्याकडून ती घाऊक घेऊन शहरभर वाटण्याकडे वळत गेले. गाडी मात्र विजेवरच चालत राहिली. 1920 मध्ये दुमजली ट्रामही आली.

मोटारबस त्यानंतरची. 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर ती सुरू झाली. गाड्या अवघ्या 24 होत्या. त्या वर्षअखेरपर्यंत सहा लाख लोकांनी बसने प्रवास केला आणि पुढच्या वर्षात हा आकडा 38 लाखांवर गेला. तरी बरीच वर्षे बस ही जरा बऱ्या परिस्थितीतल्या माणसाची आणि ट्राम गरिबाची, अशी विभागणी राहिली. 1934 पासून बस शहराच्या उत्तर भागात पोहोचली. 1937 मध्ये दुमजली बस आली आणि 1940 मध्ये मोजक्याच थांब्यांवर थांबणारी 'लिमिटेड' सुरू झाली. कुलाबा ते माहीम हा तिचा मार्ग होता. 'लिमिटेड' हा शब्द मुंबईच्या मराठीत तेव्हापासून जो रुळला तो कायमचा.

स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, 7 ऑगस्ट 1947 रोजी, ही खासगी कंपनी मुंबई महापालिकेने ताब्यात घेतली. त्या दिवशी 242 बसगाड्या, 23 मार्ग आणि दिवसाचे दोन लाख 38 हजार बसप्रवासी पालिकेच्या पदरी आले. त्यांबरोबर ट्रामचे रूळ आणि वीजपुरवठ्याचे जाळेही आले. पुढच्या दहा वर्षांत शहराची हद्द आधी अंधेरी-भांडुपकडे आणि 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. रुळांवरची ट्राम या वाढीमागे धावू शकली नाही. दादरच्या खोदादाद सर्कलला आजही दादर टीटी म्हणतात ते तिथे ट्रामचे टर्मिनस होते म्हणून. त्यापलीकडची नवी वस्ती बसनेच जोडली. रस्त्यात मोटारी वाढल्या, मधोमध धावणारी ट्राम अडथळा ठरू लागली आणि 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची फेरी करून ती बंद झाली. मधल्या काळात गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर, वरच्या तारेतून वीज घेत रबरी चाकांवर चालणारी ट्रॉलीबसही आली होती. ती 11 जून 1962 ला सुरू झाली आणि 24 मार्च 1971 ला थांबली.

ट्रॉलीबस थांबली त्या दिवशी या संस्थेच्या इतिहासातला एक धागा तुटला, आणि त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. त्यानंतर पुढची जवळजवळ पन्नास वर्षे बेस्टच्या गाड्या डिझेलवर, नंतर काही सीएनजीवर चालल्या. वीज आणि बस एकाच छताखाली राहिल्या, पण त्यांच्यात उरला तो फक्त जमाखर्चाचा संबंध. वीज विभागाच्या शिलकेतून परिवहन विभागाची तूट भरून निघे. ट्रामच्या काळात गाडी ही विजेची गिऱ्हाईक होती, आता ती विजेची आश्रित झाली. आश्रिताचा आधार कधीही काढून घेता येतो, हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला.

तोवरचा काळ बेस्टच्या भरभराटीचा होता. मुंबईतली रेल्वे उत्तर-दक्षिण धावते. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या मधली आडवी मुंबई जोडण्याचे काम बसचे. वांद्रे ते कुर्ला धावणारी 310, दक्षिण मुंबईतून शीवच्या राणी लक्ष्मीबाई चौकात येणारी 66, मरीन ड्राइव्हला समुद्राच्या कडेने जाणारी 123 हे नुसते आकडे नव्हते, त्या त्या भागातल्या माणसांचे ते पत्ते होते. नोकरीला लागलेला माणूस घर शोधताना जवळून कुठली बस जाते ते आधी विचारी. गाडीच्या कपाळावर मार्गाचा क्रमांक देवनागरी आकड्यांत असे, त्यामुळे कुठल्याही प्रांतातून आलेला माणूस मुंबईत पहिल्या महिन्यात शिकायचा ती मराठी लिपी म्हणजे बसचे नंबर.

वाहकाच्या हातातली तिकिटांची पेटी हे त्या काळातले एक देखणे साधन होते. पत्र्याच्या लांबट पेटीत वेगवेगळ्या दरांच्या, वेगवेगळ्या रंगांच्या तिकिटांचे गठ्ठे ओळीने लावलेले असत. पातळ कागदाच्या तिकिटावर टप्प्यांचे आकडे छापलेले. वाहक अंगठ्याने तिकीट ओढून काढी, चढलेल्या टप्प्यापाशी पंचाने भोक पाडी आणि त्याच हाताने सुट्टे मोजी. रिकाम्या वेळी तोच पंच पेटीवर टकटक वाजवत 'तिकीट, तिकीट' करीत तो गर्दीतून पुढे सरके, आणि मान खाली घालून बसलेल्या माणसाचा हात आपोआप खिशाकडे जाई. दोरी दोनदा ओढली की गाडी निघे, एकदा ओढली की थांबे. चालक मागे वळून पाहत नसे. त्याचा सगळा विश्वास त्या घंटेवर असे. शेवटच्या थांब्यावर वाहक चौकीत जाऊन वेबिल भरी, स्टार्टर पुढच्या फेरीची वेळ लिहून देई. वेळ टळली तर त्याची नोंद होई. हिंदी चित्रपटांतला विनोदी नट जॉनी वॉकर सिनेमात येण्यापूर्वी याच बेस्टमध्ये वाहक होता. रोज हजारो चेहऱ्यांशी गाठ पडणारी आणि प्रत्येकाशी चार शब्द बोलावे लागणारी ती नोकरी होती.

दुमजली बस ही त्या व्यवस्थेची शान. कमी रस्ता व्यापून जास्त माणसे नेण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग होता. पण वर आणि खाली मिळून दोन वाहक लागत. नव्वदच्या दशकापासून हा खर्च नकोसा वाटू लागला आणि शेकड्यांनी असलेल्या या गाड्या वर्षागणिक घटत गेल्या. अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झकडे जाणाऱ्या 415 या मार्गावर 15 सप्टेंबर 2023 रोजी नेहमीच्या सेवेतली शेवटची डिझेल दुमजली बस धावली. तिला निरोप देण्यासाठी लोक हार घेऊन जमले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरची वातानुकूलित दुमजली बस ए-115 या मार्गावर आली खरी, पण अशा गाड्या आजवर पन्नासच्या आसपासच येऊ शकल्या.

शहरावर संकट आले की बेस्टची खरी किंमत कळे. 26 जुलै 2005 च्या पुरात शेकडो गाड्या पाण्यात अडकल्या आणि घरी जाऊ न शकलेल्या अनेकांनी ती रात्र त्यांतच काढली. पाणी ओसरल्यावर शहर पुन्हा रस्त्यावर आणले तेही याच गाड्यांनी. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली, तेव्हा परिचारिका, सफाई कामगार, पोलीस, पालिकेचे कर्मचारी यांना कामावर नेण्याचा भार मोठ्या प्रमाणावर लाल बसवर पडला. चालक-वाहक कोविडला बळीही पडले. त्या महिन्यांचा विचार केला तर बस ही नफातोट्याच्या तराजूत घालायची वस्तू नाही, एवढे कोणालाही पटावे.

पडझड एकाएकी झाली नाही. 2010 च्या आसपास बेस्टकडे साडेचार हजारांहून अधिक गाड्या होत्या आणि दिवसाला चाळीस लाखांच्या वर प्रवासी. त्यानंतर अनेक कारणे एकत्र आली. रस्त्यांवर खासगी वाहने वाढून बसचा वेग मंदावला. गाडीला एका फेरीला जास्त वेळ लागला की तेवढ्याच गाड्यांत कमी फेऱ्या होतात. थांब्यावरचा माणूस वीस मिनिटे, अर्धा तास ताटकळतो आणि शेअर रिक्षात बसतो. अंधेरी-घाटकोपरसारख्या मार्गावर 2014 मध्ये मेट्रो आली. 2015 मध्ये दोनदा भाडेवाढ होऊन किमान भाडे आठ रुपयांवर गेले आणि प्रवासी आणखी घटले. वीजग्राहकांच्या बिलातून परिवहनाची तूट वसूल करण्याची सोय त्याच दशकाच्या मध्यावर बंद झाली. वीजग्राहकाच्या बाजूने पाहिले तर तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. दादरच्या माणसाने वीज वापरली म्हणून मुलुंडच्या बसचे पैसे त्यानेच का द्यावेत? पण हा पैसा बंद होताना त्याच्या जागी दुसरा कायमचा पैसा उभा केला गेला नाही. जुन्या गाड्या मोडीत निघत राहिल्या, नव्या घ्यायला पैसे नव्हते. कामगारांचे पगार रखडले. जानेवारी 2019 मध्ये नऊ दिवस संप झाला.

त्याच वर्षी दोन निर्णय एकदम झाले आणि त्यांची फळे एकमेकांच्या उलट निघाली. 9 जुलै 2019 पासून किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले गेले. प्रवासी झपाट्याने परत आले. भाडे आणि गर्दी यांचे जे नाते घोड्यांच्या ट्राममध्ये दिसले होते तेच पुन्हा दिसले. दुसरा निर्णय भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचा. यात गाडी, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची असते. बेस्ट त्याला दर किलोमीटरमागे पैसे देते आणि तिकिटाचे उत्पन्न स्वतःकडे ठेवते. भांडवल न गुंतवता नव्या गाड्या मिळतात, हा त्याचा फायदा. स्वतःच्या 3,337 गाड्या कायम ठेवण्याचे कामगार संघटनांशी ठरले होते, पण त्या जागी नव्या गाड्या आल्या नाहीत आणि मालकीच्या गाड्या पुढे हजाराच्याही खाली गेल्या.

कंत्राटाचे अर्थशास्त्र शहराच्या गरजेशी नेहमी जुळते असे नाही. 2022 मध्ये एका कंत्राटदाराने परवडत नाही म्हणून आपल्या लहान गाड्या काढून घेतल्या. ऑगस्ट 2023 मध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी काम थांबवले आणि आठवडाभर कित्येक मार्ग ओस पडले. काही मार्गांवर वाहकाविना गाड्या चालवून पाहिल्या; तिकीट थांब्यावर काढायचे की गाडीत, याचा घोळ म्हातारी माणसे आणि नवखे प्रवासी यांना सोसावा लागला. डिसेंबर 2024 मध्ये कुर्ल्याच्या भर बाजाररस्त्यात भाडेतत्त्वावरची विजेची बस गर्दीत घुसून माणसे मेली. लहान गाडी चालवणाऱ्याला बारा मीटरच्या, गिअर नसलेल्या गाडीवर बसवताना किती दिवस शिकवले होते, हा प्रश्न त्यानंतर शहरभर विचारला गेला. चालकाला महिनोन्‌महिने घडवणारी जुनी बेस्ट आणि हा प्रकार यांतले अंतर फार मोठे आहे. मे 2025 मध्ये साध्या बसचे किमान भाडे पाचाचे दहा झाले. इतिहास ठाऊक असणाऱ्याला त्याचा परिणाम वेगळा सांगावा लागत नाही.

मग ही संस्था पुन्हा उभी राहू शकते का? 15 जुलै 2026 हा मुंबईच्या मोटारबसच्या शताब्दीचा दिवस. त्यानंतरची दहा वर्षे डोळ्यांसमोर ठेवून तिचे चित्र रेखाटता येते, आणि ते रेखाटताना नव्याने शोधून काढावे असे फार थोडे आहे. बहुतेक गोष्टी बेस्टनेच कधी ना कधी करून दाखवल्या आहेत.

आधी गाड्यांची संख्या. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या निकषांनुसार सेवेची वरची पायरी गाठायची तर दर हजार लोकसंख्येमागे 0.6 बस लागते. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या एक कोटी 24 लाख होती. म्हणजे साधारण साडेसात हजार गाड्या. बंगळूरची बीएमटीसी सहा हजारांहून अधिक गाड्या चालवते, तेव्हा हा आकडा आवाक्याबाहेरचा नाही. त्यातल्या निम्म्या तरी बेस्टच्या मालकीच्या आणि बेस्टच्या चालकांच्या हाती असाव्यात. बाकीच्या भाडेतत्त्वावर राहिल्या तरी चालेल, पण चालकाचे प्रशिक्षण आणि परीक्षा मात्र सर्वांसाठी एकाच, बेस्टच्याच शाळेत. एखादा कंत्राटदार निघून गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मार्ग सांभाळायला स्वतःच्या गाड्या हाताशी असल्या पाहिजेत. एवढा राखीव साठा नसेल तर करारात दंडाची कितीही कलमे घातली तरी थांब्यावर उभ्या माणसाला त्यांचा उपयोग नाही.

संख्येइतकाच वेग महत्त्वाचा. तीच गाडी ताशी दहाऐवजी पंधरा किलोमीटर वेगाने गेली, तर तेवढ्याच चालकांत जवळपास दीडपट फेऱ्या होतात. गाडी विकत न घेता गाड्या वाढवण्याचा हा उपाय आहे आणि तो रस्त्यावर पिवळा पट्टा मारण्याइतका स्वस्त आहे, फक्त त्या पट्ट्यात दुसरी गाडी शिरू न देण्याचा निर्धार हवा. वांद्रे-कुर्ला संकुलात स्वतंत्र मार्गिकेचा प्रयोग करून पाहिला गेला, पण तो टिकवला गेला नाही. शीव-वांद्रे जोडरस्ता, लालबहादूर शास्त्री मार्ग, स्वामी विवेकानंद रस्ता, डॉ. आंबेडकर मार्ग, अंधेरी-कुर्ला रस्ता या पाच रस्त्यांवर गर्दीच्या वेळेपुरती का होईना बसची वेगळी मार्गिका राखली, तर शहराच्या आडव्या-उभ्या प्रवासाचा मोठा भाग सुटसुटीत होईल. उभ्या केलेल्या मोटारी हलवाव्या लागतील, आणि त्यावरून ओरड होईल. पण मोटारवाल्याच्या ओरडीपेक्षा बसमधल्या साठ माणसांचा वेळ अधिक मोलाचा आहे, असे म्हणणारी पालिका हवी.

या नव्या बेस्टचा एखादा साधा दिवस कल्पिता येतो. सकाळी आठ वाजता वांद्रे स्थानकाबाहेर 310 साठी रांग आहे, पण ती वाढत नाही, कारण दर चार मिनिटांनी गाडी लागते. गाडीची पायरी फुटपाथच्या पातळीला आहे; काठी टेकत येणारी आजी कोणाचा हात न धरता आत चढते. गाडीत वाहक आहे. मोबाइलवर तिकीट काढणाऱ्यांनी काढावे, ज्यांच्याकडे सुट्टे दहा रुपये आहेत त्यांना तो तिकीट देतो आणि कुठे उतरायचे ते सांगतो. वाहक हा खर्च म्हणून काढून टाकण्यात आला होता. त्याला परत आणले ते गाडीतली सुरक्षितता म्हणून. रात्री उशिरा एकट्याने प्रवास करणाऱ्या बाईला हा फरक फार जाणवतो. मेट्रोच्या स्थानकातून बाहेर पडल्यावर समोरच छोटी बस उभी आहे आणि तेच तिकीट तिथे चालते. कुलाबा-सीप्झ भुयारी मेट्रो पूर्ण झाल्यापासून अशा जोडबसची गरज रोज वाढते आहे, कारण मेट्रो माणसाला स्थानकापर्यंत पोहोचवते, घरापर्यंत नाही.

पैशाचा प्रश्न टाळता येत नाही. पालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या वर होता आणि त्यात बेस्टसाठी एक हजार कोटींची तरतूद होती. सागरी किनारा मार्गाच्या दक्षिण टप्प्यासाठी चौदा हजार कोटींच्या आसपास खर्च झाला. हा रस्ता मुख्यतः मोटारवाल्यांच्या उपयोगाचा, आणि त्यावर टोल नाही. रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांचा तोटा कोणी मोजत नाही. ती सेवा मानली जाते. बसचा मात्र दरवर्षी तोटा मोजला जातो आणि मदत मागितली की अनुदान दिले असे म्हटले जाते. त्याऐवजी बस हे पालिकेच्या खर्चाचे स्वतंत्र, कायमचे शीर्षक व्हावे आणि दर किलोमीटर सेवेमागे ठरलेली रक्कम बेस्टला मिळावी. भाडे ठरवताना तूट भरून काढण्याचा नव्हे, तर गाड्या भरण्याचा विचार पुढे असावा. मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपल्यावर बेस्टच्या कारभारावर देखरेख करणारी बेस्ट समितीही संपली आणि पुढची काही वर्षे लोकांचा प्रतिनिधी नसताना मार्ग बंद झाले, भाडी ठरली. प्रवाशांच्या 'आमची मुंबई, आमची बेस्ट'सारख्या मंचांनी त्या काळात आवाज उठवला. नव्या समितीत नगरसेवकांबरोबर प्रवाशांना आणि कामगारांना जागा देणे हे त्या अनुभवातून सुचणारे पहिले पाऊल आहे.

आगारांच्या जमिनी हा आणखी एक कळीचा विषय. शहराच्या मोक्याच्या ठिकाणी बेस्टची पंचवीसहून अधिक आगारे आहेत. कुर्ला, ओशिवरा अशा ठिकाणी पूर्वी काही जमिनींचा व्यापारी विकास झाला. त्यातून थोडा पैसा आला, पण आगाराची जागा आकसली. साडेसात हजार गाड्या रात्री उभ्या करायच्या असतील तर आगार ही विकायची वस्तू नाही. वर इमारत बांधायची असेल तर बांधावी, मात्र खालची जमीन गाड्यांचीच राहावी.

आणि इथेच 1905 सालचा धागा पुन्हा हाती येतो. 2022 मध्ये बेस्टने 2,100 विजेच्या गाड्यांचे कंत्राट दिले. त्या ठरल्यापेक्षा फार सावकाश येत आहेत, पण दिशा पक्की आहे. दिवसाला दोनशे किलोमीटर धावणाऱ्या मोठ्या वातानुकूलित गाडीला ढोबळ मानाने अडीचशे युनिट वीज लागते. शंभर गाड्यांचे आगार रात्रीच्या सहा तासांत चार्ज करायचे तर सुमारे चार हजार किलोवॅट लागतील. म्हणजे वाडी बंदरचे अख्खे वीजघर जेवढे होते, जवळपास तेवढी वीज आज एका आगाराला हवी. ही वीज देण्याची, त्यासाठी उपकेंद्र उभारण्याची, केबल टाकण्याची सगळी विद्या बेस्टच्या दुसऱ्या विभागात शंभर वर्षांपासून आहे. दहा लाखांवर वीजग्राहक सांभाळणारी ती यंत्रणा शेजारच्याच खोलीत बसते. देशातल्या दुसऱ्या एखाद्या शहर बस उपक्रमाला अशी सोय क्वचितच असेल.

रात्री शहराची विजेची मागणी उतरते, तेव्हाच बस आगारात उभ्या असतात. म्हणजे बस हे पुन्हा एकदा वीज विभागाचे भरवशाचे गिऱ्हाईक होऊ शकते, फक्त वेळ उलटी. तेव्हा ट्रामला दिवसा वीज लागत होती, आता बसला रात्री लागेल. या नात्यात कोणी कोणाचा आश्रित नाही. परिवहन विभाग विजेचे रास्त पैसे देईल आणि वीजग्राहकाच्या बिलावर बसचा बोजा पडणार नाही. आगारांची विस्तीर्ण छपरे सौरपट्ट्यांसाठी वापरली तर दुपारी परतणाऱ्या गाड्यांना तिथली वीज मिळेल.

एक अडचण आहे. बेस्टचा वीजपुरवठा फक्त जुन्या शहरापुरता आहे. कुलाबा, बॅकबे, मुंबई सेंट्रल, वरळी, वडाळा ही आगारे त्या हद्दीत येतात. दिंडोशी, मालवणी, पोईसर, देवनार यांसारखी आगारे दुसऱ्या वीज कंपन्यांच्या हद्दीत आहेत आणि मुलुंडचे आगार महावितरणच्या. तिथे वीज विकत घ्यावी लागेल. तिथला दर, तिथल्या उपकेंद्राचा खर्च आणि वीज गेल्यास जबाबदारी कोणाची, हे आधीच करारात ठरवावे लागेल. बॅकबे आगारात 2017 मध्ये विजेच्या पहिल्या चार बस आल्या होत्या. पुढच्या टप्प्यात जुन्या शहरातली सगळी आगारे आधी पूर्ण विजेवर न्यावीत, तिथला चार्जिंगचा खर्च, गाड्यांची उपलब्धता आणि बिघाडाचे प्रमाण दोन पावसाळे तपासावे, आणि त्या आकड्यांच्या आधारे उपनगरांतल्या आगारांचे करार करावेत.